स्पोर्ट्स कारच्या फायबर बॉडीचं काम: मोल्डचा खर्च कोणी घालायचा?

मांडवी_फायबर (रत्नागिरी)

एका नव्या, छोट्या स्पोर्ट्स कार कंपनीकडून बॉडी पॅनेलची विचारणा आली आहे. गाडी दोन सीटची, जुळणी चाकणला. शेड आपलं मिरजोळे एमआयडीसीत, काम आजवर बोटींचं: हल (बोटीचं खालचं अंग), डेक, मासळीच्या इन्सुलेटेड टाक्या. त्यांनी दिलेल्या अटी अशा:

१४ पॅनेलचा संच, सगळं मिळून साधारण १६ चौरस मीटर, वजन ६० किलोच्या आत. पहिल्या वर्षी दरमहा ८ संच, दुसऱ्या वर्षी दुप्पट. दर संचाला १,१०,०००. प्लग (ज्यावरून मोल्ड काढतात तो नमुना) आणि मोल्डचा (साच्यांचा) खर्च माझ्या अंदाजाने २२ लाख. तो आधी आम्ही घालायचा आणि २०० संचांवर प्रत्येकी ११,००० असा वसूल करायचा. पैसे ९० दिवसांनी. नाहीतर मोल्डच्या बदल्यात कंपनीचे ३ टक्के शेअर.

गाडीबद्दल कळलं ते असं. पहिल्या गाड्यांना विकत घेतलेलं १.५ लिटर टर्बो इंजिन, दोन वर्षांनी स्वतःचं. बुकिंग ४००, प्रत्येकी ५१,०००. टाइप अप्रूव्हल (गाडी विकायला लागणारी सरकारी मंजुरी) "चालू आहे".

तीन प्रश्न. हिशोब बसतो का? असल्या कंपन्या नेमक्या कशाने बुडतात, म्हणजे आधी काय बघावं? आणि बोटीचं लेअप (काच-रेझिनचे थर देण्याची पद्धत) गाडीला चालेल का?

ताळेबंद (चिपळूण)

गाडी कशी आहे ते क्षणभर बाजूला ठेवा. ती पाच महिन्यांनी बंद पडली असं धरून आकडे मांडा, म्हणजे अटी काय म्हणतात ते कळेल.

एक संच १,२१,००० अधिक १८ टक्के जीएसटी २१,७८०, म्हणजे बिल १,४२,७८०. पाच महिन्यांत ४० संच गेले. ९० दिवसांच्या उधारीमुळे त्यातले शेवटचे २४ कायम बाकीच राहणार, म्हणजे पैसे आले फक्त १६ संचांचे. त्या १६ मधून मोल्डपोटी परत आले १,७६,०००. बाकी हिशोब असा:

मोल्डचे अडकलेले २०,२४,०००
२४ संचांची मजुरी-माल २६,४०,०००
त्यांच्यावर तुम्ही भरलेला जीएसटी ५,२२,७२०
एकूण ५१,८६,७२०

जीएसटीची ओळ लोक विसरतात. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरायचाच, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. मालावर दिलेला कर (इनपुट) त्यातून वळता होतो खरा, पण तोही रेझिनवाल्याला तुम्हीच दिलेला असतो. आणि पैसे बुडाले म्हणून भरलेला कर परत मिळायची सोय आपल्या जीएसटीत नाही.

आता ९० दिवसांचं. उद्यम नोंदणीत तुम्ही सूक्ष्म किंवा लघु असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करारातसुद्धा ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी करार व्हायच्या आधीची असू द्या, मागाहून केली तर वाद होतो. आयकरातही तरतूद आहे की ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पण तोट्यातल्या कंपनीला कर भरायचाच नसतो, तेव्हा ही भीती तिला वाटत नाही. नफ्यातल्या बड्या कारखान्याला जी तंबी लागू पडते ती इथे फुकट.

कंपनीला दिवाळखोरीत न्यायची वेळ आली तर किमान थकबाकी १ कोटी लागते, ती मर्यादा २०२० पासून आहे. त्या २४ संचांच्या बिलांच्या तुमच्या ३४ लाखांवर एकट्याने दार वाजवता येणार नाही. कंपनी विकून जे येईल त्यात तारणवाल्या बँका आणि कामगार पुढे, बिनतारणी सावकार आणि सरकार त्यांच्यामागे, माल पुरवणारे आणखी मागे, शेअरवाले सगळ्यांत शेवटी. म्हणजे मोल्डच्या बदल्यात ३ टक्के घेणं म्हणजे रांगेतली आहे ती जागा सोडून मागे जाऊन उभं राहणं.

मी असतो तर हे मागितलं असतं. मोल्डचे पैसे वेगळे, टप्प्याने: ४० टक्के ऑर्डरबरोबर, ३० प्लग पास झाल्यावर, ३० पहिलं चांगलं पॅनेल निघाल्यावर. बोट बांधताना हल, डेक, इंजिन बसवणं अशा टप्प्यांवर हप्ते घेताच ना? तेच. पॅनेलचे पहिले सहा महिने निम्मे आगाऊ आणि निम्मे माल उचलायच्या आधी. पुढे उधारी दिलीच तर ३० दिवस आणि कमाल ८ संच. नववा संच मागचं बिल फिटल्याशिवाय गेटबाहेर नाही. रेझिनचा दर क्रूडबरोबर हलतो, म्हणून ठरलेल्या टक्क्यांपलीकडे वाढ झाली की दर बदलायचं कलम.

मोल्डची मालकी त्यांची, ताबा तुमचा, आणि *कोणतीही* थकबाकी असेपर्यंत मोल्ड रोखून धरायचा हक्क असं शब्दांत लिहून घ्या. करार कायद्याच्या कलम १७० वर विसंबू नका. ते त्या वस्तूवर केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरतं चालतं, पॅनेलच्या बाकीसाठी ताणलं तर वकील मिटक्या मारत भांडतील.

बॅकबोन (सावंतवाडी)

दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. छोट्या स्पोर्ट्स कार कंपन्या वाईट गाडीमुळे क्वचित बुडतात. चांगली गाडी बनवताना हातातली रोकड संपते आणि त्या बुडतात. ती कुठे संपते याच्या जागाही ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे स्वतःचं इंजिन. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची टीव्हीआर घ्या. पीटर व्हीलर यांच्याकडे कंपनी १९८१ पासून होती. विकत घेतलेलं रोव्हरचं व्ही-८ बसवून त्यांनी ती नीट चालवली. नव्वदच्या दशकात स्वतःची व्ही-८ आणि मग सहा सिलिंडरची इंजिनं आली, आणि वॉरंटीची कामंही आली. मोठी कंपनी इंजिनातली चूक लाखो गाड्यांवर पसरवते. वर्षाला काहीशे गाड्या विकणाऱ्याला प्रत्येक उघडलेलं इंजिन स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. २००४ मध्ये कंपनी विकली गेली, २००६ मध्ये ब्लॅकपूलचं उत्पादन थांबलं. तुमच्या गिऱ्हाइकाचं "दोन वर्षांनी स्वतःचं इंजिन" हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतंय.

दुसरी, बुकिंगचे पैसे. त्याच टीव्हीआर नावाने नव्या मालकांनी २०१७ मध्ये ग्रिफिथ ही गाडी दाखवली, अनामत घेतली, आणि वर्षं गेली तरी गाड्या गिऱ्हाइकांच्या दारात आल्या नाहीत. ४०० गुणिले ५१,००० म्हणजे २ कोटी ४ लाख. ती विक्री नव्हे, देणं आहे. हे पैसे वेगळ्या खात्यात पडून आहेत की पगारात जातायत, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तराला किती वेळ लागतो तेही बघा.

तिसरी, खपाच्या आधी धावणारं उत्पादन. डीलोरियन या गाडी कंपनीला ब्रिटिश सरकारचा भरघोस पैसा होता, कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये, गिऱ्हाईक अमेरिकेत. तिथे मंदी असताना गाड्या बनत राहिल्या आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये रिसीव्हर (बुडत्या कंपनीचा ताबा घेणारा अधिकारी) येऊन बसला. एकूण गाड्या झाल्या नऊ हजारांच्या आसपास. उलट इंग्लंडचीच मॉर्गन बघा. १९९० मध्ये नामांकित ब्रिटिश उद्योग-व्यवस्थापक सर जॉन हार्वी-जोन्स यांनी टीव्हीवर सरळ सांगितलं की उत्पादन वाढवा, प्रतीक्षायादी फार लांब आहे. मॉर्गनने तो सल्ला तसा घेतला नाही. कंपनी आजही माल्व्हर्नमध्ये आहे, इंजिन बाहेरचं, बॉडीचा सांगाडा अजून अॅश लाकडाचा. २०१९ मध्ये बहुतांश मालकी इटालियन गुंतवणूकदारांकडे गेली, पण काम थांबलं नाही. एरियल अॅटमवाले तर होंडाचं इंजिन घेऊन वर्षाला शंभराच्या आसपास गाड्या करतात आणि बॉडी जवळजवळ नाहीच. फायबरवाल्याला तिथे काम नाही, हे आपलं दुर्दैव.

इंग्लंडच्याच लोटस कंपनीचा किस्सा तुमच्यासाठी जास्त कामाचा. १९५७ ची एलिट पूर्ण फायबरची, वेगळी चॅसिस नाही, भार बॉडीवरच. पहिल्या अडीचशे बॉडी बाहेरच्या मोल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या. तक्रारी आल्या आणि काम विमानं बनवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीकडे गेलं. गाडीचं कौतुक झालं, पैसा सुटला नाही. हजारभर गाड्यांवर ती थांबली. १९६२ च्या एलान गाडीला लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी दुमडलेल्या स्टीलचा कणा दिला आणि फायबर नुसतं वरून बसवलं. इंजिन फोर्डच्या ब्लॉकवर. तिने कंपनी उभी केली. म्हणून आधी विचारा: तुमच्या पॅनेलवर भार येतो का? येत असेल तर प्रत्येक थराची नोंद, प्रत्येक अपघातानंतरची चौकशी आणि जबाबदारी तुमच्या दारात. येत नसेल तर तुम्ही फक्त कातडं पुरवताय.

लोटस टिकली त्याचं आणखी एक कारण म्हणजे दुसऱ्यांसाठी इंजिनिअरिंग करून मिळणारा पैसा. टेस्लाची २००८ ची रोडस्टर लोटसच्या एलिसवर बेतलेली होती आणि गाडीचं बॅटरी-मोटर वगळून बाकी धड लोटसच्या हेथेलच्या कारखान्यात तयार व्हायचं. तुमच्या गिऱ्हाइकाकडे गाडी विकण्यापलीकडे महिन्याचं कोणतं उत्पन्न आहे? बहुधा काही नसेल.

इथलं बोलायचं तर सॅन स्टॉर्म आणि डीसी अवंती या भारतातल्या स्पोर्ट्स कार, दोघांनीही रेनोचं इंजिन घेतलं, दोघांचीही बॉडी धातूची नव्हती. तरी विक्रीचा आकडा वाढला नाही. इंजिन विकत घेणं ही जगायची अट आहे, जगायची हमी नाही. अवंतीच्या किमतीत लोकांना जर्मन सेडान आणि गावोगावचं सर्व्हिस सेंटर मिळत होतं.

कराची एक साधी चूकही दिसतेय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यावर गेलं की ४०, इलेक्ट्रिकला ५. कारखान्यातून १५ लाखांना निघणारी गाडी अनुक्रमे १७.७०, २१ आणि १५.७५ लाखांना पडते. १.५ लिटर निवडून त्यांनी नोंदणी-विम्याआधीच ३.३० लाखांचं ओझं घेतलंय. यामागे विचार असेल तर तो ऐकायला आवडेल.

शेवटचं, "अप्रूव्हल चालू आहे" म्हणजे काहीच नाही. पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅट या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे अर्ज गेलाय का, एआयएस-०९८ ची समोरून ५६ किमी वेगाने होणारी ऑफसेट धडक आणि एआयएस-०९९ ची बाजूची धडक झाली का, धुराची बीएस-६ चाचणी कुठवर, हे तारखांसह मागा. धडकेनंतर पुढचा सांगाडा बदलला की बॉनेट आणि बंपर बदलतात, आणि तुमचे मोल्ड भंगारात. तेव्हा धडक पास होईपर्यंत कायमचे मोल्ड करूच नका.

रोलर_ब्रश (मालवण)

मोल्ड आपलो, शेड आपली, रेझिन आपलां आणि पैसे ९० दिवसांनी? जाळां आपलां आणि म्हावरां दुसऱ्याचां, तसली गजाल ही.

आता लेअपचं. बोटीचं लेअप जसंच्या तसं चालणार नाही, आणि आधी वजनातच अडेल. काचेच्या धाग्यांची ४५० ग्रॅमची मॅट तीन थर हाताने: काच १.३५ किलो, रेझिन अडीचपट म्हणजे ३.४, अर्धा मिलिमीटर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) ०.६. चौरस मीटरला ५.३५ किलो. १६ चौरस मीटरला ८५ किलोच्या वर. त्यांना हवेत ६०.

रेझिन कमी करून व्हॅक्यूम इन्फ्यूजनने (हवा काढून रेझिन ओढून) केलं तर वजन उतरतं, पण जाडी साडेतीनवरून दोनच्या खाली येते. जाडी निम्मी झाली की ताठपणा आठवा हिस्सा राहतो. काचेचं प्रमाण वाढल्याने थोडा भरून निघतो, पुरेसा नाही. बॉनेटवर अंगठा दाबला की पत्र्याच्या डब्यासारखं टकटक करेल. उपाय मधल्या थराचा: जेलकोट ०.४ मिमी, ३०० ची मॅट, २ मिमी कोअर मॅट, पुन्हा ३०० ची मॅट. चौरस मीटरला सुमारे ३.८ किलो, संच ६१ किलो, जाडी पुन्हा साडेतीनच्या आसपास. कोअर मॅट रेझिन पिते, चौरस मीटरला सव्वा किलोच्या आसपास, ते दरात धरा. कडेच्या ५० मिमी पट्ट्यात आणि बिजागरी, लॉक, आरसा यांच्या जागी कोअर काढून भरीव थर द्यायचे, बोल्टखाली धातूची पट्टी. हे सगळं धरून ६५ किलो लिहून घ्या, ६० मान्य करू नका.

खरी डोकेदुखी पृष्ठभागाची. पांढऱ्या हलवर जे दिसत नाही ते काळ्या-लाल रंगावर उन्हात उठून येतं. मॅटचे धागे रंगातून दिसायला लागतात. कारण रेझिन पूर्ण पिकलेलं नसतं आणि गाडी उन्हात तापली की उरलेलं आकसतं. जेलकोटमागे ३० ग्रॅमचं टिश्यू आणि ३०० च्या मॅटचा एक थर व्हिनाइल एस्टर रेझिनमध्ये द्या आणि *रात्रभर* पिकू द्या. सगळे थर एका दिवसात ओढले की उष्णता वाढते आणि धागे उमटतात. मग पॅनेल जिगवर (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीवर) ठेवून ६० अंशांवर ६ ते ८ तास तापवा. जिगशिवाय तापवलं तर पिळा पडतो. मीटरभर पॅनेलमागे दोन-तीन मिलिमीटर आकसणं धरून प्लग करावा लागतो. गाडीत दोन पॅनेलमधली फट ४ मिमी म्हणतात, म्हणजे अंदाजपंचे चालत नाही. कडा ग्राइंडरने नजरेने कापायच्या नाहीत, फिक्श्चर लावून राउटरने.

पावसाळा. जून ते सप्टेंबर शेडमधली हवा पाण्यासारखी असते. मॅट दमट झाली की बुडबुडे आणि पांढरे डाग, जेलकोट चिकट राहतो. मॅटची खोली बंद, आत डीह्युमिडिफायर. हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेऊ नका, थंड-दमट दिवशी दीड ते दोन. जेलकोटची जागा पत्र्याच्या उघड्या शेडपासून वेगळी करावीच लागेल आणि तो खर्च २२ लाखांत दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बोटी दुरुस्तीला नेमक्या तेव्हाच येणार. रोज साडेचार पॅनेल काढणारी माणसं तेव्हा कुठून आणणार?

मोल्डचं आयुष्यही बघा. पॉलिस्टरचा मोल्ड शंभरेक पॅनेलनंतर नीट डागडुजी मागतो. २०० संच म्हणजे मधे एकदा तरी सगळे १४ मोल्ड घासून-पॉलिश करून परत तयार करायचे. तो खर्च वेगळा लिहा.

जाता जाता: लोटसच्या चॅपमन यांनी सत्तरच्या दशकात बोटीच्या कंपन्याही घेतल्या होत्या. बंद साच्यात व्हॅक्यूमने रेझिन ओढायची त्यांची पद्धत बोट आणि गाडी दोन्हीकडे वापरली. त्या काळच्या लोटस एस्प्रिट गाडीच्या कमरेवर जी काळी पट्टी दिसते, तिच्याखाली वरच्या आणि खालच्या अर्ध्याचा जोड आहे. हल आणि डेक जोडतो तसाच.

मांडवी_फायबर

सगळ्यांचे आभार. फोन झाला. पॅनेलवर भार नाही, खाली स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आहे. धडक चाचणी अजून व्हायची आहे. मोल्डचे २० टक्के आगाऊ द्यायला तयार आहेत. बुकिंगच्या पैशांबद्दल "सीए सांगतील" म्हणाले. नाही म्हणून टाकू की मधला मार्ग आहे?

ताळेबंद

२० टक्के म्हणजे ४.४० लाख, उरलेले १७.६० तुमचेच. जुनीच अट, नवा रंग. सीएंचं उत्तर लेखी येईपर्यंत उधारी शून्य.

बॅकबोन

मार्ग आहे. कायमचे मोल्ड नकोतच. धडक आणि इतर चाचण्यांसाठी त्यांना सहा-सात गाड्या लागतील. तेवढ्याच संचांचं काम घ्या, कच्च्या मोल्डवर, पूर्ण रक्कम आगाऊ. चाचणीत बदल झाले तर प्रत्येक बदलाचं वेगळं बिल. हे पैसे त्यांना कुठूनतरी उभे करावेच लागणार आहेत. करू शकले नाहीत तर पुढचे १९३ संच होणार नव्हतेच.

रोलर_ब्रश

कच्च्या मोल्डला टूलिंग जेलकोट (पक्क्या मोल्डला लावतात तो) नको, साधं चालेल. ५-६ मिमी जाडी, मागे प्लायच्या पट्ट्या. त्यातून आठ-दहा पॅनेल निघतात. प्लग मात्र नीट करा आणि तो *विकू नका*, पक्के मोल्ड त्यावरूनच काढायचे.

आणि वाहतूक दरात धरलीय का? पॅनेल हलकी पण पसरट, ट्रक वजनाने नाही, जागेने भरतो. एकावर एक रचली तर आंबा घाट चढेपर्यंत कडा घासून जातात. फोमच्या पट्ट्या लावलेले लोखंडी रॅक करा, परत येणारे, आणि ते त्यांच्या खर्चाने.